हाडांची औषधे आणि पूरक गोळ्या : भीती कशाची धरावी, भरवसा कशावर ठेवावा

रायपूर : उतारवयात पाय घसरून पडणे आणि खुबा मोडणे हा वयाचा भोग मानण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हा भोग बऱ्याच अंशी टाळता येतो, हे गेल्या तीन दशकांतील औषधांनी सिद्ध केले. मात्र या औषधांच्या दुष्परिणामांच्या बातम्या जितक्या दूर पोहोचल्या, तितकी त्यांच्या उपयोगाची माहिती पोहोचली नाही. परिणामी, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी किंवा इंजेक्शन बंद करून केवळ कॅल्शियम, ड जीवनसत्त्व किंवा एखाद्या वनौषधीवर विसंबणारे रुग्ण सर्वत्र आढळतात. हा निर्णय काहींच्या बाबतीत निरुपद्रवी ठरतो, तर काहींच्या बाबतीत तो कायमचे अपंगत्व आणू शकतो. या दोहोंतील फरक समजून घेणे आवश्यक आहे.

छत्तीसगडच्या राजधानीतील ब्राह्मणपारा हा जुन्या रायपूर शहराचा भाग. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या शहराशी मराठी माणसांचे नाते आहे आणि आजही अनेक मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. अशा जुन्या, दाट वस्त्यांमध्ये हाडांच्या आरोग्याचा प्रश्न दोन बाजूंनी उभा राहतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या शहरात वृद्ध स्त्रिया दिवसाचा बहुतेक वेळ घरातच काढतात, त्यामुळे भरपूर ऊन असूनही ते त्वचेपर्यंत पोहोचत नाही. दुसरीकडे, जुन्या घरांतील उंच उंबरे, अरुंद जिने आणि ओलसर न्हाणीघरे पडण्याचे निमित्त होतात. पुणे, नाशिक किंवा इंदूरच्या जुन्या पेठांतील चित्र यापेक्षा वेगळे नाही.

आजार नेमका कोणता?

अस्थिसुषिरता, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, या विकारात हाडांची घनता घटते आणि त्यांची आतील जाळीदार रचना विरळ होते. हाड ही सजीव ऊती आहे. जुने हाड झिजवणाऱ्या आणि नवे हाड घडवणाऱ्या पेशींचे काम आयुष्यभर चालू असते. तिशीच्या सुमारास हाडांची घनता सर्वाधिक असते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटले की झीज भरपाईपेक्षा वेगाने होऊ लागते. मोडण्यापूर्वी हाड दुखत नाही, म्हणून हा विकार बहुधा पहिल्या अस्थिभंगानंतरच लक्षात येतो. पाठीला येणारे पोक किंवा कमी झालेली उंची ही मणका दबल्याची खूण असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार, डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून कमी आल्यास अस्थिसुषिरतेचे निदान होते. टाचेवर यंत्र लावून शिबिरांत केली जाणारी चाचणी प्राथमिक अंदाजापुरती असते. केवळ तिच्या आधारे उपचार सुरू करणे किंवा थांबवणे योग्य नाही.

औषधांनी काय साधते?

सर्वाधिक वापरली जाणारी औषधे बिस्फॉस्फोनेट गटातील आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी आणि वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक आम्ल ही त्यांतील परिचित नावे. ही औषधे हाडाला चिकटून राहतात आणि झीज करणाऱ्या पेशींना आवर घालतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत झोलेड्रोनिक आम्लामुळे तीन वर्षांत मणक्यांचे अस्थिभंग ७० टक्क्यांनी, तर खुब्याचे ४१ टक्क्यांनी घटले. दर सहा महिन्यांनी त्वचेखाली दिल्या जाणाऱ्या डेनोसुमॅब इंजेक्शनचे निष्कर्षही जवळपास असेच आहेत. टेरिपॅराटाइड हे रोज घ्यावयाचे इंजेक्शन नवे हाड घडवण्यास चालना देते आणि ते अधिक गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवले जाते.

या आकड्यांचे मोल खुब्याच्या अस्थिभंगानंतर काय घडते, यावरून कळते. अशा वृद्ध रुग्णांपैकी साधारणतः पाचांत एकाचा वर्षभरात मृत्यू होतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीसारखे स्वतंत्रपणे चालता येत नाही.

दुष्परिणाम : नित्याचे आणि विरळ

अ‍ॅलेन्ड्रोनेटचा नेहमीचा त्रास अन्ननलिकेचा. गोळी तेथे अडकली की जळजळ होते, प्रसंगी व्रणही होतो. म्हणून ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी, त्यानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये आणि चहा, दूध किंवा अन्य औषध घेऊ नये, असा दंडक आहे. घोटभर चहाबरोबर गोळी घेऊन पुन्हा अंथरुणावर पडण्याची सवय असेल, तर त्रास होण्याची शक्यता वाढते आणि औषधाचा गुणही येत नाही. ज्यांना हे नियम पाळणे शक्य नाही किंवा अन्ननलिकेचा विकार आहे, त्यांना शिरेतून औषध देण्याचा पर्याय असतो. झोलेड्रोनिक आम्लाच्या पहिल्या मात्रेनंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना ताप, अंगदुखी जाणवते. ती बहुधा तीन दिवसांत ओसरते आणि पुढील वर्षी कमी होते.

खरी धास्ती असते ती दोन विरळ दुष्परिणामांची. पहिला, जबड्याचे हाड निर्जीव होणे. हा प्रकार २००३ मध्ये प्रथम समोर आला. त्यातील बहुसंख्य रुग्ण कर्करोगाचे होते आणि त्यांना अस्थिसुषिरतेच्या तुलनेत कितीतरी मोठ्या मात्रा दिल्या जात होत्या. अस्थिसुषिरतेच्या उपचारात हे प्रमाण दरवर्षी दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी मानले जाते. दात काढणे किंवा रोपण करणे अटळ असेल, तर ते शक्यतो उपचार सुरू होण्यापूर्वी उरकावे आणि दंतवैद्याला औषधाची कल्पना द्यावी.

दुसरा, मांडीच्या हाडाचा विलक्षण अस्थिभंग. औषध अनेक वर्षे चालल्यास फारसा आघात नसतानाही मांडीचे हाड मध्येच मोडू शकते. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१० मध्ये याबाबत इशारा दिला. कॅलिफोर्नियातील सुमारे १ लाख ९६ हजार स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या धोक्याचे मोजमाप केले. दहा हजार श्वेतवर्णीय स्त्रियांनी तीन वर्षे उपचार घेतल्यास खुब्याचे १४९ अस्थिभंग टळतात आणि मांडीचे असे दोन अस्थिभंग उद्भवतात. आशियाई वंशाच्या स्त्रियांमध्ये हेच आकडे ९१ आणि आठ असे आले. म्हणजे आशियाई स्त्रियांमध्ये धोका अधिक आहे, तरीही लाभाचे पारडे जडच राहते. हा धोका उपचाराच्या वर्षांबरोबर वाढतो आणि औषध थांबवल्यावर झपाट्याने उतरतो. त्यामुळे गोळ्यांची साधारण पाच आणि शिरेतील औषधाची तीन वर्षे झाल्यावर पुन्हा तपासणी करून, जोखीम कमी असलेल्यांना काही काळ औषधातून सुट्टी दिली जाते. मांडीत किंवा जांघेत सतत मंद दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी लांबणीवर टाकू नये.

मूत्रपिंडे बरीच दुर्बल असतील, तर बिस्फॉस्फोनेट टाळले जाते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब घरोघरी असलेल्या आपल्या देशात क्रिएटिनिनची चाचणी न करता हे औषध देणे धोक्याचे. ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता भरून न काढता झोलेड्रोनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब दिल्यास रक्तातील कॅल्शियम अचानक घसरू शकते. मूत्रपिंडविकार बळावलेल्या, विशेषतः डायलिसिसवरील रुग्णांसाठी डेनोसुमॅबबाबत असा ठळक इशारा जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत देण्यात आला.

मध्येच थांबवण्याचा धोका

बिस्फॉस्फोनेट हाडात साठून राहत असल्याने ते थांबवल्यावरही काही काळ संरक्षण टिकते. डेनोसुमॅबचे तसे नाही. त्याचा परिणाम सहा महिन्यांनी ओसरताच झीज उसळी घेते, मिळवलेली घनता झपाट्याने जाते आणि काही रुग्णांत एकापाठोपाठ अनेक मणके दबतात. गावी जाणे, लग्नकार्य, खर्चाची ओढाताण किंवा ‘आता बरे वाटते’ अशा कारणांनी पुढील इंजेक्शन लांबवणे म्हणूनच घातक ठरू शकते. हे औषध बंद करायचे असल्यास त्याजागी दुसरे औषध सुरू करावे लागते. कॅल्शियमच्या गोळ्या ती जागा घेऊ शकत नाहीत.

पूरक गोळ्यांची मर्यादा

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व ही हाडांची सामग्री आहे. तिच्याविना कोणतेही औषध नीट काम करीत नाही. फ्रान्समधील वृद्धाश्रमांतील ३,२७० स्त्रियांवरील, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही नियमित दिल्याने खुब्याचे अस्थिभंग १८ महिन्यांत ४३ टक्क्यांनी कमी झाले. परंतु त्या स्त्रिया अतिवृद्ध होत्या आणि त्यांच्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता होती. याउलट, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६ हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांच्या चाचणीत खुब्याच्या अस्थिभंगांत लक्षणीय घट दिसली नाही, मूतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या सुमारे २६ हजार जणांच्या चाचणीतही, सर्वसाधारण प्रकृतीच्या लोकांना रोज दिलेल्या ड जीवनसत्त्वाने अस्थिभंग कमी झाले नाहीत. कमतरता असेल तेथे पूरक गोळी उपकारक असते. कमतरता नसेल तेथे ती अस्थिभंग रोखत नाही.

जास्त घेतले म्हणजे जास्त लाभ, हेही खरे नाही. वर्षातून एकदा ५ लाख एककांची मात्रा दिलेल्या ऑस्ट्रेलियातील वृद्ध स्त्रियांमध्ये पडण्याचे आणि अस्थिभंगाचे प्रमाण वाढल्याचे २०१० मध्ये आढळले. आपल्याकडे ६० हजार एककांच्या पुड्या सहज मिळतात. त्या ठरावीक आठवड्यांसाठी असतात. दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

इतर पर्यायांचीही छाननी करणे भाग आहे. के-२ जीवनसत्त्व जपानमध्ये या विकारासाठी दिले जाते. तथापि त्याचा पुरावा वरील औषधांइतका भक्कम नाही आणि हृदयविकारासाठी वॉरफरिन किंवा असेनोकुमॅरॉल घेणाऱ्यांमध्ये ते त्या औषधाला मारक ठरते. स्ट्रॉन्शियमचे एक औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे युरोपात निर्बंधांखाली आले होते. तेच मूलद्रव्य पूरक गोळीतून घेताना म्हणूनच सावध राहावे. कांडवेल, म्हणजेच हाडजोडी, ही आपल्या परंपरेतील वनस्पती. तिच्यावरील माणसांतील अभ्यास लहान आहेत आणि ती खुब्याचा अस्थिभंग टाळते असे सिद्ध झालेले नाही. सांधेदुखीवरच्या बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणे देशात वेळोवेळी उघड झाली आहेत. स्टेरॉइड तर हाडे पोखरणाऱ्या औषधांत अग्रभागी आहे.

एकेकाळी फ्लोराइडही हाडे बळकट करण्यासाठी दिले जाई. त्याने कण्याची घनता वाढली, पण हाडे भक्कम झाली नाहीत. उलट मणक्यांव्यतिरिक्त इतर अस्थिभंग वाढल्याचे १९९० च्या चाचणीत दिसले. छत्तीसगड आणि विदर्भातील ज्या गावांत भूजलात फ्लोराइड अधिक आहे, तेथील लोकांना या धातूबाधेचा नव्हे तर क्षारबाधेचा अनुभव वाकलेल्या हाडांच्या रूपाने आलेला आहे. नुसती घनता वाढणे पुरेसे नसते, हाडे मोडण्याचे थांबले पाहिजे. कोणत्याही नव्या पर्यायाची पारख याच कसोटीवर व्हावी.

आहार, हालचाल आणि घर

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना रोज १,००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पेलाभर दुधातून सुमारे २५० मिलिग्रॅम आणि शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते. बस्तरमध्ये ‘मडिया’ म्हणून पेजेत वापरले जाणारे धान्य ते हेच. दही, तीळ, राजगिरा आणि पालेभाज्या यांची जोड दिल्यास गोळीची गरज घटते. गोळी घ्यावी लागलीच, तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच घ्यावी. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे.

रोजचे चालणे, स्नायूंना बळ देणारा आणि तोल सांभाळणारा व्यायाम, पुरेशी प्रथिने, तंबाखू व मद्य वर्ज्य करणे हे उपाय कोणत्याही औषधाविना लाभ देतात. मात्र ठिसूळ मणके असणाऱ्यांनी कंबरेतून पुढे वाकण्याची आसने टाळावीत. न्हाणीघरात आधाराचा दांडा, जिन्यावर उजेड, मोतीबिंदूवर वेळेत उपचार आणि झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार यांमुळे पडण्याचे प्रसंग कमी होतात.

ज्यांची घनता किंचितच घटली आहे आणि पूर्वी अस्थिभंग झालेला नाही, अशा अनेकांना आहार, व्यायाम आणि कमतरतेपुरती पूरके पुरेशी होतात. ज्यांचा खुबा किंवा मणका किरकोळ आघाताने मोडला आहे, त्यांना औषधाला पर्याय म्हणून पूरक गोळी देता येत नाही. दुष्परिणामांची शंका असल्यास औषध परस्पर बंद न करता अस्थिभंगाचा धोका किती, मूत्रपिंडे आणि दात कसे आहेत, हे औषध किती वर्षे घ्यायचे आणि थांबवल्यावर पुढे काय, हे प्रश्न डॉक्टरांना विचारावेत आणि त्यांच्या उत्तरांवरून निर्णय घ्यावा.