अखेरच्या आजारातील भ्रम

अखेरच्या आजारात माणूस एकाएकी बरळू लागतो, पोटच्या मुलाला ओळखत नाही, सलाईनची नळी ओढतो. घरची मंडळी म्हणतात, "वात झाला, आता काही खरे नाही." डॉक्टर यालाच डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे. काही रोगी तर बरळतही नाहीत, सुस्त पडून राहतात. "झोपलेत, झोपू द्या," असे आपण म्हणतो आणि नेमका हाच प्रकार नजरेतून सुटतो.

कारणे पुष्कळदा साधी असतात : लघवी तुंबणे, शौचास न होणे, ताप, अंगातले पाणी कमी होणे, नवे औषध. म्हणून सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. मॉर्फिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये. वेदनेनेही भ्रम वाढतो.

अमेरिकेत येल येथे सत्तरीच्या व त्यापुढील ८५२ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. चष्मा, कानाचे यंत्र, पुरेसे पाणी, थोडी हालचाल, रात्रीची शांत झोप, एवढ्यावर भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आले. ते रुग्ण मरणपंथाला लागलेले नव्हते, हे खरे. अखेरच्या दिवसांतला भ्रम प्रत्येक वेळी टळत नाही. तरीही या गोष्टींना पैसा लागत नाही, म्हणून त्या कराव्यात असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे भेटीला अख्खी वस्ती लोटते. त्यामागे माया असते, पण आमच्या मते एका वेळी दोघांनीच आत जावे. रोग्याशी वाद घालू नये, हात बांधू नयेत. आपले नाव सांगावे, दिवस कोणता ते सांगावे आणि रात्री एक मंद दिवा चालू ठेवावा.