गणित शिकविण्याची घरगुती साधने

शाळेतील सर्व विषयांत गणिताइतका धाक दुसऱ्या कोणत्याही विषयाचा नसेल. इतिहासात गुण कमी पडले, तर 'अभ्यास झाला नाही' असे घरची मंडळी म्हणतात. गणितात कमी पडले, तर मात्र 'याला गणित येतच नाही', इतकेच नव्हे तर 'आमच्या घराण्यातच गणित नाही', असा निकाल देऊन मोकळी होतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने हा निकाल एकदा मनाशी खरा धरला, की पुढील आयुष्यातील कितीतरी वाटा आपल्याच हातांनी बंद केल्यासारखे होते. म्हणून हा धाक कोठून उत्पन्न होतो आणि तो घालविण्यास कोणती साधने आपल्या घरीच हाताशी आहेत, याचा थोडा विचार येथे करावयाचा आम्ही योजिले आहे.

आमच्या मते धाकाचे मूळ गणिताच्या कठीणपणात नसून शिकण्याच्या क्रमात आहे. मूल कोणतीही गोष्ट शिकते ती आधी हाताने, मग तोंडाने आणि शेवटी लेखणीने. गणितात पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. आधी फळ्यावर चिन्ह येते, मग त्याचे पाठांतर होते, आणि त्या चिन्हामागील वस्तूची गाठ मुलाला कधी पडतच नाही. याचा अर्थ पाठांतर वाईट असा मुळीच नव्हे. पाढे मुखोद्गत नसतील, तर पुढे प्रत्येक उदाहरणात बोटे मोजण्यातच वेळ जावयाचा. आमचे म्हणणे एवढेच, की जे पाठ करावयाचे ते एकदा तरी स्वतःच्या हातांनी घडविलेले असावे.

अगदी आरंभीची अडचण संख्यांच्या नावांची. 'त्रेसष्ट' म्हणताना कानावर आधी तीन पडतात आणि मग साठ; लिहिताना मात्र सहा आधी, तीन नंतर. म्हणून लहान मूल ६३ च्या जागी ३६ लिहिते, तेव्हा ते मूर्खपणा करीत नसून कानाशी प्रामाणिक राहत असते. शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे तर पुढच्या दशकातून एक वजा करून बनलेली. याच अडचणीवर उपाय म्हणून महाराष्ट्रात 'बालभारती'ने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' अशी रीतही दिली, आणि त्यावर मोठा वाद माजला. त्या वादात न शिरताही एक उपाय करता येतो. माडाच्या झावळीचे हीर घ्यावेत, त्यांचे सारखे तुकडे करावेत आणि दहा-दहांच्या जुड्या दोऱ्याने बांधाव्यात. त्रेसष्ट म्हणजे सहा जुड्या आणि तीन सुटे हीर. जुड्या डावीकडे, सुटे उजवीकडे मांडले, की अंक लिहिण्याचा क्रम मुलाला डोळ्यांनी दिसतो. बेचाळिसातून सतरा वजा करताना एक जुडी सोडावी लागते. 'हातचा' म्हणजे काय, हे तेथे आपोआप उलगडते.

दुसरे साधन चिंचोके. 'सात आठे छप्पन्न' हे पाठ करण्यापूर्वी चिंचोक्यांच्या सात ओळी, प्रत्येकीत आठ, अशा पाटावर मांडाव्यात. मग पाट न हलविता स्वतः बाजूला जाऊन बसावे. आता आठ ओळी, प्रत्येकीत सात दिसतात. चिंचोके तेच, म्हणून उत्तरही तेच. एवढे कळले, की पाढ्यांचे जवळजवळ निम्मे ओझे उतरते. पाचव्या ओळीखाली एक काडी आडवी ठेवावी. वर पाच आठे चाळीस, खाली दोन आठे सोळा, मिळून छप्पन्न. विसरलेला पाढा ठाऊक असलेल्या पाढ्यांतून पुन्हा उभा करता येतो, हा आत्मविश्वास शंभर वेळा घोकल्यानेही येत नाही. थोड्या मोठ्या मुलांनी एक चिंचोका ठेवावा. त्याच्या दोन बाजूंनी तीन लावून चौरस करावा, मग पाच, मग सात. एकूण चिंचोके १, ४, ९, १६ असे होत जातात. विषम संख्यांची क्रमाने बेरीज केली असता वर्ग मिळतात, हा नियम पुस्तकात वाचण्यापूर्वीच मुलाने शोधून काढलेला असतो.

तिसरे साधन आपली भाषाच होय. पूर्वी उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे असत. औट म्हणजे साडेतीन. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते, तोवर व्यवहारात या पाढ्यांवाचून चालत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी सुरू झाली, पुढे वजनमापेही दशमान झाली आणि हे पाढे शाळांतून हळूहळू गेले. ते सारे पुन्हा पाठ करावेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द बाजारात आणि स्वयंपाकघरात आजही जिवंत आहेत, आणि घरी कोकणी बोलणाऱ्या मुलालाही ते परके वाटत नाहीत. जे मूल दीड किलो कांदे आणि पाव किलो मिरच्या बिनचूक आणते, तेच वर्गात ३/२ आणि १/४ पाहून गोंधळते. याचे कारण या दोहोंची ओळख कोणी करून दिलेली नसते.

ही ओळख करून देण्यास चौकटीच्या वहीचा एक कागद पुरतो. दोन चौकटींची लांबी म्हणजे 'एक' असे ठरवावे. मग 'दीड' म्हणजे तीन चौकटी. दीड लांब आणि दीड रुंद असा चौरस काढला, तर त्यात नऊ लहान चौकटी येतात. आणि एक लांब, एक रुंद अशा पुऱ्या चौरसात चार. नवांत चार दोनदा जाऊन एक उरतो, म्हणून दीड दिडे सव्वादोन. आता त्याच आकृतीकडे नीट पाहावे. एक मोठा चौरस, त्याच्या दोन बाजूंना अर्ध्या-अर्ध्या मापाच्या दोन पट्ट्या, आणि कोपऱ्यात पाव मापाचा लहानसा चौरस. पुढे बीजगणितात भेटणारे (अ + ब) चा वर्ग हे सूत्र ते हेच. पुष्कळ विद्यार्थी त्याचे उत्तर नुसते 'अ वर्ग अधिक ब वर्ग' असे लिहितात. तसे असते, तर दीड दिडे सव्वाच झाले असते! त्या दोन पट्ट्या ज्याने स्वतः रंगविल्या आहेत, त्याच्या हातून मधले '२ अब' सहसा सुटत नाही.

उमज पडली तरी सराव हवाच, आणि सरावाचा कंटाळा येतो. त्यावर एका शाळामास्तरांनीच सुंदर औषध देऊन ठेविले आहे. दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळील देवळाली येथे शिक्षक होते. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा चमत्कार जाहीर केला, आणि आज ती संख्या जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करावी, आणि उत्तरावर तीच क्रिया पुनःपुन्हा करावी. गोव्याच्या मुक्तीचे वर्ष १९६१ घेऊ :

९६११ − ११६९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येणार. कोणत्याही संख्येला सातांहून अधिक पायऱ्या लागत नाहीत. उत्तरात अंक कमी आले, तर शून्य घालून चार पुरे करावेत, एवढेच पथ्य. येथे एक गंमत आहे. मधल्या एखाद्या वजाबाकीत चूक झाली, तरी शेवटी बहुधा ६१७४ च हाती येते! मग चूक ओळखावी कशी? प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज करून पाहावी. ती नवाच्या पटीत असलीच पाहिजे. ८४४२ ची १८, ५९९४ ची २७. तशी नसेल, तर त्या पायरीवर चूक नक्की झाली. एकाच खेळात वजाबाकीचा सराव होतो, आणि स्वतःचे काम स्वतः तपासण्याची सवयही लागते. ही दुसरी गोष्ट गुणांहून मोलाची आहे, असे आम्हांस वाटते.

शाब्दिक उदाहरणांविषयीही थोडे सांगावयास हवे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचिलेल्या 'लीलावती'त प्रश्न घातले आहेत ते भ्रमरांचे, हंसांचे, कमळाचे, आणि पुष्कळ ठिकाणी ते एका बालिकेला उद्देशून आहेत. मुलींना गणित जमत नाही असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आजच्या मुलांनीही आपल्या भोवतालची उदाहरणे स्वतः रचावीत : मासळीबाजारातील वाट्यांची, फेरीबोटीतील उतारूंची, पावसाच्या मापाची. उदाहरण सोडविणारा विद्यार्थी रीत शिकतो. ते रचणाऱ्याला त्या रीतीचे कारणही कळावे लागते.

पालकांना आमची विनंती एवढीच, की महागडी साधने आणि शिकवण्या यांचा विचार करण्यापूर्वी मूठभर चिंचोके आणि अर्धा तास मुलाला द्यावा. तुमचे स्वतःचे गणित कच्चे असले तरी बिघडत नाही. शेजारी बसून 'असे का?' एवढे विचारले तरी पुरे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठी एक काम शिल्लक ठेवितो. काप्रेकरांची हीच क्रिया तीन अंकी संख्यांवर करून पाहा. तेथेही एक संख्या तुमची वाट पाहत आहे. ती कोणती, आणि मधला अंक दर वेळी नऊच का येतो, हे शोधून काढा. उत्तर आम्ही येथे मुद्दामच छापीत नाही.