लोखंडी नळीतला बाण

२०१८ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, नगर येथे, एका कोरड्या विहिरीच्या उत्खननात एक हजाराहून अधिक गंजलेल्या लोखंडी नळ्या सापडल्या. प्रत्येक नळी सुमारे वीतभर लांब. हे होते टिपू सुलतानाच्या काळातील युद्धात वापरायचे अग्निबाण.

अग्निबाणाचा उगम मात्र म्हैसूरचा नव्हे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू प्रथम चीनमध्ये तयार झाली आणि १३व्या शतकापर्यंत तिच्या जोरावर उडणारे बाण तेथे लढाईत आले. पुढे ही कला आशियात व युरोपात पसरली. दिवाळीत आपण उडवतो तो बाणही त्याच कुळातला. मग म्हैसूरकरांनी नवीन ते काय केले?

त्यासाठी आधी बाण पुढे का जातो ते पाहू. शाळांमध्ये आम्ही हा प्रश्न विचारतो तेव्हा बहुधा उत्तर येते, “वायू मागच्या हवेला ढकलतो म्हणून.” हे बरोबर नाही. तसे असते तर निर्वात अवकाशात अग्निबाण चाललाच नसता. दारू पेटली की तप्त वायू नळीवर सर्व बाजूंनी दाब देतो. समोरासमोरच्या बाजूंवरील दाब एकमेकांना तोलतात. मागचे तोंड मात्र उघडे असते. त्यामुळे पुढच्या बंद टोकावरील दाब तोलला जात नाही आणि नळी पुढे जाते. वायू मागे, नळी पुढे. हाच न्यूटनचा तिसरा नियम.

आता नळीचे महत्त्व लक्षात येईल. कागदाची किंवा बांबूची नळी फार दाब सोसत नाही, फुटते. लोखंडी नळीत दारू घट्ट ठासता येते, दाब वाढतो, वायू अधिक वेगाने बाहेर पडतो आणि पल्ला वाढतो. नळीला बांधलेला लांब बांबू दिशा सांभाळतो. असे बाण एक किलोमीटरहून दूर जात. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला त्यांचा चांगलाच तडाखा बसला.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि काही बाण इंग्लंडला गेले. तेथे विल्यम काँग्रीव्ह यांनी दारूचे मिश्रण, नळीचा आकार, काठीची लांबी एकेक बदलून प्रयोग केले आणि आपल्या पद्धतीवर पुस्तके छापली. १८०७ मध्ये कोपनहेगनवर हे सुधारलेले बाण बरसले.

म्हैसूरच्या बाणांचा अभिमान जरूर बाळगावा. पण हातातले कसब कारागिराबरोबर संपू शकते. मोजून, लिहून ठेवलेला प्रयोग मात्र पुढच्या माणसाला तेथून सुरुवात करू देतो. म्हणून वर्गात ताणलेल्या दोऱ्यावरून फुगा सोडाल, तेव्हा नुसत्या टाळ्या नकोत. फुगा किती फुगवला आणि तो किती दूर गेला, हे मुलांना मोजू द्या, वहीत लिहू द्या.