हमीवर चालणारा संगणक

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील लार्ज हॅड्रॉन कोलायडर हे २७ किलोमीटर परिघाचे यंत्र आहे. त्यात प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांतून आरपार जातात. त्यातून येणारी जवळजवळ सगळी माहिती जागच्या जागी टाकून द्यावी लागते. अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन मोठ्या प्रयोगांत ‘ट्रिगर’ ही यंत्रणा आधी लाखभर आणि त्यातून हजारभर घटना (टकरींच्या नोंदी) दर सेकंदाला राखून ठेवते. एवढे चाळूनही जे उरते ते कोणत्याही एका प्रयोगशाळेला पेलत नाही. म्हणून २००१ मध्ये सर्नच्या परिषदेने जगभर पसरलेल्या संगणक-जाळ्याच्या प्रकल्पाला मंजुरी दिली.

आज या जाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये, चाळीसहून अधिक देशांतली सुमारे १७० केंद्रे आणि प्रोसेसरांचे सुमारे १४ लाख गाभे आहेत. सर्न हा शून्य स्तर. पहिल्या स्तरावरची राष्ट्रीय केंद्रे मूळ नोंदींची दुसरी प्रत टेपवर जपतात. दुसऱ्या स्तरावर विद्यापीठे आणि संशोधन संस्था येतात. मुंबईत कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था सीएमएससाठी, तर कोलकात्याचे व्हीईसीसी हे संशोधन केंद्र अ‍ॅलिस प्रयोगासाठी या स्तरावर काम करते.

हे सारे चालते ते एका सामंजस्य करारावर, आणि तो कायद्याने कोणालाच बांधत नाही. यंत्रे त्या त्या देशाच्या मालकीची, वीजबिलही त्यांचेच. प्रत्येक देश वर्षापुरती हमी देतो: इतकी गणनशक्ती, इतकी डिस्क, इतकी टेप. हमीचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. सरकारी खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या भारतीय संस्थांना ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. त्याआधी प्रयोगांनी मागणी लिहून द्यायची असते. यंत्र किती सेकंद चालेल, ट्रिगर किती घटना ठेवील, प्रत्येक घटनेवर किती वेळ लागेल, तिच्या किती प्रती कुठे राहतील, हे सगळे त्यात येते. मग एक स्वतंत्र छाननी गट आकड्यांमागची गृहीतके तपासतो आणि निधी देणाऱ्या देशांच्या मंडळापुढे आपले मत ठेवतो. हे मंडळ वर्षातून दोनदा भरते.

आता गणनशक्ती मोजायची कशी? एका केंद्रातला गाभा आणि दुसऱ्यातला गाभा सारख्या वेगाचा नसतो, म्हणून नुसती संख्या सांगून भागत नाही. २००९च्या सुमारास ‘हेप-स्पेक०६’ हे माप रूढ झाले. ते बाजारात मिळणाऱ्या चाचणीसंचातल्या सात प्रोग्रामांवर बेतलेले होते. त्यातला एक प्रकाशकिरणांचा माग काढून चित्रे बनवतो, एक नकाशावर वाट शोधतो, एक मजकुराच्या फाइली एका रूपातून दुसऱ्यात नेतो. कणभौतिकीचा त्यात एकही नव्हता. तरी अब्जावधी टकरींचा हिशेब वर्षानुवर्षे या मापाने झाला आणि बऱ्यापैकी जुळला, हे कौतुकाचेच. पुढे चाचणीसंच विकणाऱ्यांनी तो २०१८ मध्ये निवृत्त केला, आणि नवे प्रोसेसर या मापाला दाद देईनासे झाले. एप्रिल २०२३ पासून त्याच्या जागी ‘हेपस्कोअर२३’ आले. यात प्रयोगांचीच खरी कामे बंद डब्यांत भरून यंत्रावर चालवली जातात. जुन्या हमीपत्रांचा घोळ होऊ नये म्हणून एका ठरावीक यंत्रावर दोन्ही मापांचा आकडा मुद्दाम सारखा ठेवला आहे. हा व्यवहारीपणा या साऱ्या व्यवस्थेचा स्वभाव आहे.

मात्र मागणीची गृहीतके निसर्ग आणि यंत्र पाळतीलच असे नाही. २०१६ साठी अ‍ॅटलास आणि सीएमएस यांना प्रत्येकी २५ इन्व्हर्स फेम्टोबार्न (टकरींच्या एकूण संख्येचे माप) टकरींचे उद्दिष्ट होते. कोलायडरने सुमारे ४० दिले. भौतिकशास्त्रज्ञांची चंगळ झाली, डिस्क सांभाळणाऱ्यांची तारांबळ.

खरी चिंता पुढची आहे. २०३० च्या सुमारास हेच यंत्र अधिक तीव्रतेने चालू होईल. यंत्राच्या दुसऱ्या पर्वात पुंजक्यांच्या एका भेटीत सरासरी पस्तीसेक टकरी होत. तो आकडा २०० पर्यंत जाईल. कणांची नोंद घेणाऱ्या शोधकातल्या ठिपक्यांतून कणांचे मार्ग जुळवताना संभाव्य जोड्या टकरींच्या प्रमाणात वाढत नाहीत, त्याहून कितीतरी वेगाने वाढतात. शिवाय ट्रिगर हजाराऐवजी साडेसात ते दहा हजार घटना ठेवील. पैसा मात्र तेवढाच राहील असे धरूनच योजना आखली जाते. त्याच पैशात वर्षाला दहा ते वीस टक्के जास्त क्षमता मिळेल, एवढीच आशा. २०१७-१८ मधल्या अंदाजांत मागणी आणि पुरवठा यांत काही पटींचे अंतर पडले. ते यंत्रे विकत घेऊन बुजणारे नव्हते.

उरले सॉफ्टवेअर. सर्नच्या तज्ज्ञ समितीने मे २०२० आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संगणनाच्या तयारीचे परीक्षण केले, ते याच कारणाने. अशा परीक्षणात शोधकासारखाच प्रोग्रामही सोलून पाहिला जातो. कणांचा पदार्थातला प्रवास रेखाटणारे ‘जीअँट४’ किती वेळ खाते? घटनेचा सारांश किती लहान करता येईल? सीएमएसने तो ‘नॅनोएओडी’ या रूपात एक-दोन किलोबाइटवर आणला, आणि बऱ्याचशा विश्लेषणांना तेवढा पुरतो. टकरी कागदावर घडवणाऱ्या प्रोग्रामांचे दुखणे वेगळेच. अधिक अचूक गणितात काही घटनांना ऋण वजन येते. त्या धन घटनांना खोडतात आणि तेवढ्याच सांख्यिकीसाठी कितीतरी जास्त घटना घडवाव्या लागतात.

ग्राफिक्स प्रोसेसरांनी मोठा दिलासा दिला आहे. तिसऱ्या पर्वात एलएचसीबी या प्रयोगाच्या ट्रिगरचा पहिला टप्पा पूर्णपणे त्यांच्यावर चालतो, अ‍ॅलिसही कणमार्ग त्यांच्यावरच जुळवते. पण हेपस्कोअर२३ फक्त साध्या प्रोसेसरांना मोजते, त्यामुळे एखाद्या देशाने हे प्रोसेसर देऊ केले तर हमीपत्रात लिहायचे काय, हे अडते. जाळ्याचीही तयारी तपासली जाते: फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रांमधल्या जोडण्यांवर पुढच्या पर्वाच्या अपेक्षित वाहतुकीचा चौथा हिस्सा सोडून पाहिला गेला. उरलेला टप्प्याटप्प्याने वाढवायचा आहे.

सर्वांत नाजूक बाब माणसांची. लाखो ओळींचा कोड बराचसा पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी आणि तात्पुरत्या नेमणुकीवरच्या संशोधकांनी लिहिला आहे. ओळी राहतात, लिहिणारे निघून जातात. विद्यापीठांत नवा शोधक बांधणाऱ्याला पद मिळते. जुना प्रोग्राम दुप्पट वेगवान करणाऱ्याच्या वाट्याला ते क्वचितच येते. यंत्रांसाठी हमीपत्र आहे, छाननी आहे, मापही आहे. कोड सांभाळणाऱ्या हातांसाठी असा रकाना हमीच्या तक्त्यात नाही.