शब्दांचं पूर्वायुष्य : बफिंग, बफर आणि बुफे

आतापर्यंत या लेखमालेत आपण दर आठवड्याला एकेक इंग्रजी शब्द घेतला. या वेळी बी, यू आणि पुढे दोन एफ, एवढी अक्षरं घेऊ आणि ती ज्या शब्दांत येतात त्यांचे जुने अर्थ पाहू. त्यासाठी नवी मुंबईतल्या महाप्याइतकी चांगली जागा नाही. ठाणे-बेलापूर रस्ता सोडून एमआयडीसीत शिरलं की ‘ए’च्या प्लॉटांवर कारखाने, ‘ईएल’च्या प्लॉटांवर इलेक्ट्रॉनिक झोन आणि जवळच मिलेनियम बिझनेस पार्कमधली सॉफ्टवेअरची ऑफिसं. गाळ्यात बफिंग, ऑफिसात बफर आणि कंपनीच्या समारंभाला बुफे. अक्षरं तीच, पण घराणी वेगळी.

आधी बफिंग. मोटरच्या दांड्यावर कापडाच्या चकत्या एकावर एक शिवून केलेलं चाक असतं. ते फिरू लागलं की कारागीर त्यावर पॉलिशची वडी टेकवतो आणि नळाची तोटी दोन्ही हातांनी घट्ट धरून दाबतो. धरायची ती चाकाच्या मध्याच्या खाली. म्हणजे हातातून सुटलीच तर अंगावर न येता खाली पडते. काळपट लव उडत राहते, कारागिराचं तोंड काळं होतं आणि तोटीवरचे ओरखडे जाऊन चेहरा दिसावा इतकी ती लखलखते. मग ती क्रोम चढवायला जाते. या चाकाचंच नाव बफ.

आज ते कापडाचं असलं तरी पूर्वी घासून चकाकी आणायला मऊ चामडं लागायचं, आणि बफ हे त्या चामड्याचं नाव होतं. फ्रेंचमध्ये म्हशीला, रानटी बैलाला ‘बुफ्ल’ म्हणत. तिथून तो शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. आधी जनावर, मग त्याचं तेलात कमावलेलं जाड कातडं. सतराव्या शतकात इंग्लंडच्या यादवी युद्धात घोडेस्वार याच कातड्याचे अंगरखे घालून लढले. ‘बफेलो’ हा त्याचाच भाऊ, तो मात्र पोर्तुगीजमधून आला. दोघांचं मूळ ग्रीक ‘बूबालोस’मध्ये आहे, आणि ग्रीकांच्या लेखी तो आफ्रिकेतला एक कुरंग होता! कुरंगाचं नाव म्हशीवर गेलं, म्हशीचं कातड्यावर, कातड्याचं चाकावर. मला या सगळ्या शब्दांत हा प्रवास सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याचा शेवटचा टप्पा आजही महाप्यात हाताने चालू आहे.

कातड्याचा पिवळसर रंगही बफच. ब्रिटिशांच्या एका पलटणीच्या गणवेशाला त्या रंगाची किनार होती, म्हणून तिला ‘द बफ्स’ म्हणत. हीच पलटण २९ डिसेंबर १८४३ रोजी ग्वाल्हेरजवळ पनियारला शिंद्यांच्या फौजेशी लढली. न्यूयॉर्कच्या स्वयंसेवी अग्निशामकांचे कोटही याच रंगाचे असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आग लागली की बंबामागे धावत सुटणाऱ्या हौशी लोकांना तिथे ‘बफ’ म्हणू लागले. आपल्याकडचा ‘फिल्म बफ’ तिथला. सिनेमावेड्या माणसाच्या नावात आगीची हौस आहे आणि तिच्याही मागे म्हैस.

बफरचा म्हशीशी काही संबंध नाही. पूर्वी इंग्रजीत आणखी एक ‘बफ’ होता तो आवाजाचा: मऊ वस्तूवर दणका बसला की जो बद्द असा आवाज येतो, तो. १८३० च्या दशकात रेल्वेच्या डब्यांमध्ये धक्का गिळणारी स्प्रिंगची गादी आली, तिला बफर हे नाव मिळालं. सीएसएमटीला फलाट संपतो तिथे रुळांच्या टोकाशी उभे असतात ते बफरच. चर्चगेटला जून २०१५ मध्ये एक लोकल असाच बफर तोडून फलाटावर चढली होती.

संगणकवाल्यांनी तो शब्द रेल्वेसारख्याच कामासाठी घेतला. माहिती एका वेगाने येते, दुसऱ्या वेगाने वापरली जाते. मधला फरक सोसायला तिला जिथे थांबवतात तो बफर. मोबाइलवर व्हिडिओ अडकला की आपण ‘बफरिंग होतंय’ म्हणतो, म्हणजे ती मधली जागा रिकामी पडलेली असते. लासलगावच्या बाजारात कांद्याच्या ‘बफर स्टॉक’ची चर्चा चालते तीही भावाचा धक्का गिळण्याची. ताडोबाचं बफर क्षेत्र गाव आणि गाभ्याचं जंगल यांच्यामध्ये हेच काम करतं.

राहिला बुफे. इंग्रजीत या एकाच स्पेलिंगचे दोन शब्द आहेत. एकाचा उच्चार ‘बफिट’, अर्थ थप्पड. तो जुन्या फ्रेंचमधून मध्ययुगातच आला. वादळ जहाजाला झोडपतं तेव्हा इंग्रजीत हेच क्रियापद लागतं. जेवणाचा बुफे अठराव्या शतकात फ्रेंचमधूनच आला, पण वेगळा. आधी तो भिंतीलगतच्या भांड्यांच्या कपाटाला म्हणत, मग त्यावर मांडलेल्या पदार्थांना. त्याही आधी जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता बाक, बसायचं आसन. महाप्यातल्या समारंभात आता हातात ताट घेऊन सगळे उभ्यानेच जेवतात.