पत्रातले ‘कोर्ट’



आमच्या गटातील एका सभासदांना ठिबकच्या विक्रेत्याचे इंग्रजी पत्र आले. शेवटची ओळ होती, ‘द बॉल इज नाऊ इन युवर कोर्ट.’ घरात कोणाला बाकी काही उमगले नाही, ‘कोर्ट’ तेवढे समजले. जुलैचे दिवस. सातबारा घेऊन गडी वकील शोधत फिरला आणि गट ऑफिसला आला तो तीन आठवड्यांनी. “सायेब, पैसं भरलं तरी कोर्टात खेचलंय बघा!”

विक्रेत्याला हवा होता फक्त शेताचा नकाशा. टेनिसमध्ये चेंडू आपल्या बाजूला आला की मारायची पाळी आपली. ‘पुढचे तुम्ही करा’ एवढाच त्या ओळीचा अर्थ. नकाशा गेला, पाइप आले, पण तोवर १५ ऑगस्ट उलटला. आडसाली लागण हुकली ती हुकलीच.

हसण्याचे कारण नाही. पदविकेला असताना ‘रूल ऑफ थंब’ म्हणजे बी अंगठाभर खोल पेरणे, असे आम्ही भर वर्गात ठणकावून सांगितले होते. अर्थ आहे अनुभवावरचा ढोबळ ठोकताळा. मास्तर काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पोरे शब्द वाचतात, पण वाक्प्रचार शब्दांची बेरीज करून कळत नाही. ‘मूग गिळून बसला’ ऐकून परका माणूस मूगच शोधील. मोल्सवर्थ साहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, त्यालाही आपले वाक्प्रचार एकेक करून समजून घ्यावे लागले.

‘इलेव्हन्थ अवर’ घ्या. बायबलातल्या गोष्टीत द्राक्षमळ्याचा मालक अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळता मावळता आलेल्या मजुरांनाही पुऱ्या दिवसाची मजुरी देतो. (आमच्या तोडणी टोळ्यांना हा हिशेब पटायचा नाही!) त्यावरून अर्थ आला, अगदी शेवटच्या घटकेला. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ म्हणजे ऊन आहे तोवर वैरण वाळवून घ्या, संधी आहे तोवर काम उरका. काहीजण याला ‘वाहत्या गंगेत हात धुणे’ म्हणतात. आम्हांस ते पटत नाही, त्यात फुकटच्या लाभाचा वास येतो. ‘रेड टेप’ म्हणजे सरकारी कागद बांधायची लाल फीत, तिचा अनुभव सर्वांना आहेच.

अडलेले पत्र घेऊन गट ऑफिसला यावे, आम्ही वाचून देऊ. ते सभासद परवा तोडीची तारीख विचारायला आले होते. जाता जाता म्हणाले, “आता बॉल तुमच्या कोर्टात, सायेब.”