ऐकू येते म्हणजे नेमके काय होते?

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. टाळी वाजली की तळव्यांमधली हवा दाबली जाते, ती शेजारच्या हवेला ढकलते आणि ही लाट सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने कानापर्यंत येते. सेकंदाला २० ते २०,००० कंपने एवढाच पल्ला माणसाच्या कानाला पेलतो.

कानाची पाळी लाट गोळा करते आणि अडीच सेंटिमीटरच्या नळीतून ती पडद्यावर आदळते. पडदा थरथरला की त्याला जोडलेली तीन हाडे हलतात. आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे पडली आहेत. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचे. या हाडांवाचून भागले नसते. आतला कान द्रवाने भरलेला असतो आणि हवेतला आवाज थेट द्रवावर पडला तर त्याच्या ऊर्जेचा हजारातला एखादाच भाग आत शिरतो. विहिरीत बुडी मारली की काठावरची हाक ऐकू येत नाही, ती यामुळेच. पडद्याचे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे सतरापट असते. खिळ्याच्या टोकाशी हातोड्याचा जोर एकवटावा तसा पडद्यावरचा जोर त्या इवल्या तळाशी एकवटतो आणि दाब वीसेक पटींनी वाढतो.

मधल्या कानातून एक नळी घशाकडे जाते. बोरघाट चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते ही नळी उघडल्यामुळे.

खरे नवल आतल्या कानात आहे. तिथे शंखासारखी वळलेली, उलगडली तर साडेतीन सेंटिमीटर भरेल अशी नळी असते. तिच्यातला लांबट पडदा सुरुवातीला अरुंद आणि ताठ, शेवटाकडे रुंद आणि सैल असतो. त्यामुळे बारीक आवाजाने त्याचा सुरुवातीचा भाग जास्त हलतो, खर्जाने शेवटचा. पेटीच्या पट्ट्यांसारखे सूर इथे ओळीने मांडलेले असतात. मृत माणसांच्या कानांत ही लाट प्रत्यक्ष पाहणारे हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या पडद्यावर केशपेशी उभ्या असतात. आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार, बाहेरच्या रांगांमध्ये बारा हजार. आतल्या पेशींचे केस वाकले की विद्युत संदेश तयार होऊन मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. बाहेरच्या पेशी स्वतः लांब-आखूड होऊन क्षीण आवाज वाढवतात. या हालचालीमुळे कान स्वतःही अगदी मंद आवाज बाहेर टाकतो! डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये तो नोंदवला. आज नवजात बाळाच्या कानात बारीक मायक्रोफोन ठेवून तोच टिपतात आणि बाळाची श्रवणशक्ती तपासतात.

वयाबरोबर बारीक आवाज टिपणाऱ्या केशपेशी आधी झिजतात. स, श, फ यांसारखी व्यंजने याच पट्टीतली. म्हणून घरातल्या आजोबांना कोणी बोलते आहे हे ऐकू येते, पण शब्द लागत नाहीत. त्यांच्याशी ओरडून बोलण्यापेक्षा समोर बसून सावकाश बोलणे कितीतरी उपयोगी पडते.

मोठ्या आवाजाने हीच झीज तरुणपणी होते. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत चालतो असे मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. पक्ष्यांच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात, माणसाच्या कानात येत नाहीत. डीजेच्या भिंतीशेजारी तान्हे मूल कडेवर घेऊन कोणीही उभे राहू नये.